किड्यांच्या नादी लागलेली बाई

मागच्या दसऱ्याच्या सुमारास माझ्या नातीनं वावरातून एक डोमकळी तोडून आणली. मैत्रिणींनो, पऱ्हाटीचं जे फूल नीट उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलंच राहतं, ती डोमकळी. मंगरूळपीरच्या बाईला हे वेगळं सांगायला नको. आत बोंडअळी बसलेली असणार हेही तिला ठाऊक असतं. मी पोरीला म्हटलं, चुलीत टाक आधी ती. पण कशाची ऐकते! हॉर्लिक्सच्या रिकाम्या बाटलीत डोमकळी घातली, सोबत एक हिरवं बोंड ठेवलं, तोंडाला माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा बांधला आणि बाटली थेट माझ्या देवघराशेजारच्या फळीवर. मला किळस यायची. रोज पूजेला बसताना आधी ती बाटली दिसायची.

अळी मोठी झाली, गुलाबी झाली. मग एक दिवस दिसेनाशी झाली, आणि तळाशी कापसाच्या धाग्यांत लपेटलेला तपकिरी कोष सापडला. आठ-दहा दिवसांनी सकाळी बघते तर बाटलीच्या कडेला एक मातकट पाखरू. गव्हाच्या दाण्यापेक्षा जरासं मोठं, पंखांवर काळपट ठिपके, मागच्या पंखांना झालर. फुंकर मारली तर उडून जाईल असं. मी बघतच राहिले. चाळीस वर्षं झाली पऱ्हाटी वेचते आहे. २०१७ साली या अळीनं आमच्या घराचं अख्खं वर्ष खाल्लं, सूनबाईच्या बाळंतपणाला उसनवारी करावी लागली. तिला शिव्या देण्यात मी कधी कमी केलं नाही. पण तिचं पाखरू? ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. रात्रीच उडतं ते, कोण बघणार!

नातीच्या शाळेतल्या बाईंना मी ही गंमत सांगितली, तर त्यांनी मोबाईलवर काही चित्रं दाखवली. एक झाड, त्याच्या पानावर अंडी, शेजारी अळी, फांदीला कोष आणि वर उडणारं पाखरू, सगळं एकाच कागदावर. चित्र साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, आणि काढलेलं एका बाईनं. मारिया सिबिला मेरियन. त्या दिवसापासून ही बाई काही माझ्या डोक्यातून जाईना. मिळेल ते वाचत गेले, बाईंना विचारत गेले. तेच आज तुम्हाला सांगते.

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७चा, जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा. आपल्याकडं तेव्हा शिवाजी महाराज सतरा वर्षांचे होते, म्हणजे काळ लक्षात येईल. वडील मॅथ्यूस मेरियन हे तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून छापणारे, पुस्तकांचे मोठे प्रकाशक. पण मारिया तीन वर्षांची असतानाच ते गेले. आईनं वर्षभरात दुसरं लग्न केलं, याकोब मारेल नावाच्या चित्रकाराशी. फुलांच्या चित्रांत त्याचा हातखंडा. सावत्र बाप म्हटलं की आपल्या मनात लगेच पाल चुकचुकते, पण या माणसानं पोरीच्या हातातली कला ओळखली आणि आपल्या शिष्यांसोबत तिलाही शिकवलं. एक फरक मात्र होताच. मुलगे शिकायला परगावी जायचे, पोरगी घरातच. तेव्हा तिच्या वाट्याला आलं ते घर, परसबाग आणि परसबागेतले किडे.

तेरा वर्षांची होती तेव्हा, १६६० साली, तिनं रेशमाचे किडे पाळून बघायला सुरुवात केली. त्या वयात तिच्या लक्षात आलं की तुतीचा पाला खाणारा हा किडा कोष करतो आणि त्यातून पांढरट पाखरू निघतं. मग तिला प्रश्न पडला की बागेतल्या बाकीच्या अळ्यांचंही असंच होत असेल का? झालं, तेव्हापासून जिथं मिळेल तिथून अळ्या गोळा करणं सुरू.

आज आपल्याला यात विशेष वाटत नाही, चौथीच्या पुस्तकात फुलपाखराचं चक्र असतंच. पण त्या काळी भल्याभल्यांना वाटायचं की किडे चिखलातून, कुजक्या मांसातून, घाणीतून आपोआप जन्मतात. धान्याला किडे पडले असं आपण अजूनही म्हणतोच की, जणू आभाळातूनच पडले! माशीनं अंडी घातल्याशिवाय मांसात अळ्या होत नाहीत हे इटलीच्या रेदी नावाच्या विद्वानानं प्रयोग करून दाखवलं ते १६६८ साली. आणि ही पोरगी त्याच्या आठ वर्षं आधी आपल्या डब्यांतून अळीचं पाखरू होताना बघत बसली होती.

अठराव्या वर्षी, १६६५ साली, तिचं लग्न झालं. नवरा योहान आंद्रेआस ग्राफ, सावत्र बापाचाच शिष्य, तोही चित्रकार. १६६८ साली पहिली मुलगी योहाना झाली, मग बिऱ्हाड नवऱ्याच्या गावी नुरेंबर्गला गेलं, १६७८ साली धाकटी डोरोथेया झाली. संसार चालवायला ती चित्रं काढायची, रंग विकायची आणि गावातल्या लग्नाच्या वयाच्या मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायची. तिची पहिली पुस्तकं फुलांची होती, १६७५ ते १६८० या काळात निघालेली. बायकांनी त्यावरून भरतकामाचे नमुने उतरवून घ्यावेत हाही त्यांचा एक उपयोग. आपण नाही का मासिकातल्या रांगोळीवरून टाके उतरवत, तसंच.

आणि हे सगळं चालू असताना घरात डबेच डबे. एकेका डब्यात एकेक अळी. रोज ताजा पाला आणायचा, तोही तिच्याच झाडाचा. बऱ्याच अळ्यांचं आपलं झाड ठरलेलं असतं. लिंबाच्या पानावरची अळी तुम्ही पऱ्हाटीवर ठेवाल तर ती उपाशी मरेल पण तोंड लावणार नाही. मारियाच्याही कितीतरी अळ्या अशाच मेल्या, आणि ते तिनं लिहून ठेवलं. पाखरू बाहेर पडायची वेळ काही सांगून येत नाही. पतंग रात्री बाहेर पडायचे, म्हणून ती रात्री जागायची. अंगावर पिणारं लेकरू, स्वयंपाक, शिकायला येणाऱ्या मुली आणि वर ही जागरणं. मला तर वाटतं, त्या घरात किडे चालवून घेतले हीच मोठी गोष्ट. माझ्या एका बाटलीनं आमच्याकडं किती कटकट झाली, ती मलाच माहीत!

१६७९ साली तिचं सुरवंटांचं पुस्तक निघालं, पन्नास चित्रांचं. १६८३ साली त्याचा दुसरा भाग. सुरुवात अर्थातच रेशमाच्या किड्यानं आणि तुतीनं. तिच्या आधीही लोकांनी किड्यांची चित्रं काढली होती, पण टाचणीला टोचलेले मेलेले किडे ओळीनं मांडल्यासारखी. हॉलंडमधल्या गोडार्ट नावाच्या चित्रकारानं अळीचं रूप पालटताना दाखवलं होतं. पण अळी कोणत्या झाडावर राहते, काय खाते, पाखरू कुठं अंडी घालतं, हे सगळं एका कागदावर मांडायची रीत मारियानं पाडली. शेतकरी बाईला विचारा, अळी कळायची तर आधी झाड बघावं लागतं. हे आपल्याला अनुभवानं माहीत असतं, फक्त आपण ते कागदावर मांडत नाही.

पुस्तक तिनं जर्मनमध्ये लिहिलं. विद्वानांची भाषा लॅटिन, पण हिचे वाचक घरातले, बागेतले. फुलपाखरांना ती उन्हाळी पाखरं म्हणायची आणि पतंगांना पतंग-पाखरं. आपलं फुलपाखरू काय वेगळं आहे? फुलावरचं पाखरूच ते. पण तिच्या पुस्तकात रंगीबेरंगी फुलपाखरांपेक्षा मातकट, करड्या, दिव्यावर येणाऱ्या पतंगांचीच गर्दी जास्त. ज्यांच्याकडं कोणी बघत नाही त्यांच्यासाठी तिनं रात्री घालवल्या.

एका गोष्टीनं मात्र ती बुचकळ्यात पडायची. कधी कधी कोषातून पाखरू न निघता माश्याच निघायच्या. असं का होतं ते तिला उलगडलं नाही. तरी जे दिसलं ते तिनं नोंदवलं, लपवलं नाही. आज आपल्याला माहीत आहे की काही माश्या आणि बारीक गांधीलमाश्या दुसऱ्या किड्याच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं त्याला आतून खाऊन टाकतात. आपले शेतकरी बोंडअळीसाठी ट्रायकोकार्ड लावतात ना, त्यातला बारीक किडाही याच गोतावळ्यातला, फक्त तो अळीऐवजी अंड्यातच शिरतो.

आता जे सांगते ते तेव्हाच्या लोकांच्या पचनी पडलं नाही, आजही किती जणींच्या पडेल कोण जाणे. सावत्र बाप १६८१ साली वारला, तशी मारिया आईकडं फ्रँकफर्टला आली. नवऱ्याशी पटत नव्हतंच. का ते तिनं कुठं लिहिलेलं नाही. १६८५ साली म्हातारी आई आणि दोन्ही मुलींना घेऊन ती हॉलंडच्या उत्तरेला वीउवर्ड नावाच्या गावी एका धार्मिक पंथात जाऊन राहिली. तिचा सावत्र भाऊ आधीच तिथं होता. साधे कपडे, सगळी मिळकत पंथाच्या हवाली, दिवसभर अंगमेहनत. ग्राफ तिला परत न्यायला आला, विनवण्या केल्या, पण तिनं नकार दिला. नवरा पंथातला नसेल तर लग्न बंधनकारक नाही असं तो पंथ मानायचा. पुढं काही वर्षांनी काडीमोड झाला, ग्राफनं दुसरं लग्न केलं. मारियानं आपलं माहेरचं मेरियन हे नाव पुन्हा लावलं. नंतर नवरा जिवंत असतानाही काही ठिकाणी तिनं स्वतःला विधवा म्हणवलं, असंही वाचलं. एकट्या बाईला चार लोकांत वावरायचं तर काय काय सांगावं लागतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

१६९० साली आई गेली आणि पुढच्या वर्षी मारिया मुलींना घेऊन ॲमस्टरडॅमला आली. मोठं बंदर, जगभरातली जहाजं यायची. तिथल्या श्रीमंतांच्या घरी परदेशातून आणलेल्या फुलपाखरांच्या पेट्या असायच्या. तिनं त्या बघितल्या आणि तिचं समाधान होईना. पाखरू सुंदर आहे, पण याची अळी कशी असते, ती काय खाते, कोणाला काहीच माहीत नाही. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, तेराव्या वर्षीचा!

मग बावन्नाव्या वर्षी या बाईनं ठरवलं की आपणच जाऊन बघायचं. दक्षिण अमेरिकेत सुरिनाम नावाची डचांची वसाहत होती. तिनं आपली अडीचशेवर चित्रं विकून पैसा उभा केला, मृत्युपत्र केलं आणि जून १६९९ मध्ये धाकट्या डोरोथेयाला घेऊन जहाजात बसली. सोबत पुरुष माणूस नाही. दोनेक महिन्यांचा समुद्रप्रवास. बावन्न म्हणजे आपल्याकडं बाईनं आता माळ घ्यावी असं सगळे सुचवायला लागतात ते वय.

सुरिनाममध्ये गोऱ्यांचे उसाचे मळे होते आणि त्यांवर राबायला आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. मळेवाले तिला हसायचे. साखर सोडून ही बाई दुसरं काय शोधते आहे, असं त्यांना वाटायचं. तिच्या लेखी मात्र तिथं अननस होते, पेरू होते आणि त्यांच्यावर जगणारे नाना तऱ्हेचे किडे. गुलाम आणि तिथले मूळ रहिवासी जंगलात वाट तोडून द्यायचे, अळ्या आणून द्यायचे, झाडांचे उपयोग सांगायचे. इथं मला थांबावं लागतं. तिचं काम त्या लोकांच्या कष्टावर उभं होतं, त्यांना फुकट राबवणाऱ्या व्यवस्थेचा फायदा तिनंही घेतला. परत येताना तिच्यासोबत एक आदिवासी बाई ॲमस्टरडॅमला आली. मारियाला तिची फार मदत झाली, पण त्या बाईचं नाव काही कुठं सापडत नाही.

तरीही एक गोष्ट तिनं लिहून ठेवली, जी मळेवाल्यांपैकी कोणी लिहिली नसती. आपल्या अंगणात शंखासुर असतो बघा, लाल-पिवळ्या फुलांचा, पुढं लांब केसर आलेले. ते झाड सुरिनामलाही होतं. त्याचं चित्र काढून शेजारी तिनं नोंद केली की गुलाम बायका याच्या बिया गर्भ पाडण्यासाठी वापरतात. आपल्या पोटचं लेकरू गुलाम म्हणून जन्माला येऊ नये, म्हणून. मालक इतके छळतात की जगण्यापेक्षा मरण बरं असं त्यांना वाटतं. हे त्या बायकांनीच तिला सांगितलं होतं. (आता कोणी हा प्रयोग म्हणून करू नका बाई, जिवाशी खेळ आहे तो.) माझ्या दारात हे झाड तीस वर्षं आहे. गौरीला फुलं तोडायचे, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. आता त्याच्याकडं बघितलं की त्या बायका आठवतात.

उष्ण हवेत मारिया आजारी पडली, बहुधा हिवतापच असावा. पाच वर्षं राहायचं ठरवलं होतं म्हणतात, पण दोनच वर्षांत, १७०१ साली, परतावं लागलं. सोबत जपून आणलेले किडे, साप आणि चित्रांची चवड. १७०५ साली तिनं स्वतःच सुरिनामच्या किड्यांचं मोठं पुस्तक काढलं, साठ चित्रांचं, डच आणि लॅटिन भाषांत. पुढं लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञानं प्राण्यांना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा कितीतरी किड्यांसाठी त्याच्यासमोर मारियाची चित्रं होती.

चुका तिच्याही झाल्या. एका किड्याचं डोकं रात्री दिव्यासारखं पेटतं असं तिनं लिहिलं, ते खरं नाही. पण खरं लिहिलेलंही लोकांनी खोटं ठरवलं. पेरूच्या झाडावर एक मोठा कोळी छोट्या पक्ष्याला खातो आहे, असं तिचं एक चित्र आहे. ती गेल्यानंतर शंभरेक वर्षांनी इंग्लंडच्या विद्वानांनी त्यावरून तिची थट्टा केली, बाईनं थापा मारल्या म्हणाले. मग हेन्री बेट्स नावाच्या निसर्ग अभ्यासकानं ॲमेझॉनच्या जंगलात कोळ्याला पक्षी मारताना पाहिलं आणि १८६३ साली आपल्या पुस्तकात तसं छापलं. तोवर मारियाला जाऊन जवळजवळ दीडशे वर्षं झाली होती.

शेवटची दोन वर्षं तिच्या अंगावरून वारं गेलेलं होतं. १३ जानेवारी १७१७ ला ती ॲमस्टरडॅमला वारली. मृत्यूच्या नोंदीत तिला निर्धन म्हटलं आहे. आणि गंमत बघा, रशियाचा बादशहा पीटर त्याच सुमारास हॉलंडात होता. त्याच्या माणसानं तिच्या चित्रांचा मोठा साठा विकत घेतला. राहिलेला सुरवंटांचा तिसरा भाग डोरोथेयानं छापून काढला आणि त्याच वर्षी ती नवऱ्याबरोबर रशियाला गेली. तिथं तिलाही चित्रांचं काम मिळालं. थोरली योहाना आईच्या माघारीच्या आधीच सुरिनामला गेली होती, तीही चित्रकारच. मारियाची ती रोजची वही, जिच्यात पातळ चामड्यावर काढलेली बारीक चित्रं आणि शेजारी नोंदी आहेत, सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत राहिली. ती सगळ्यांना बघायला मिळावी अशी छापली गेली १९७६ साली. १९९२ पासून जर्मनीच्या पाचशे मार्कांच्या नोटेवर तिचा चेहरा होता आणि मागच्या बाजूला एक रानफूल, अळी आणि पतंग. २००२ साली युरोचा व्यवहार सुरू झाला आणि ती नोट बंद पडली.

मारियाची गोष्ट मी नातीला रोज रात्री थोडी थोडी सांगितली. कोळ्याचा भाग तिला चार वेळा ऐकायचा होता. यंदाच्या पावसाळ्यात तिनं दोनशे पानी वही केली आहे. बाटल्याही आता सहा झाल्या, पण देवघराच्या फळीवर नाही, मी त्यांना न्हाणीच्या खिडकीत जागा दिली आहे. कढीपत्त्याच्या झाडावर सापडलेली हिरवी अळी तिनं पंधरा दिवस सांभाळली, रोज ताजा पाला घातला. अळीचा कोष झाला. फुलपाखरू निघणार म्हणून शेजारच्या पोरींना बोलावून ठेवलं होतं.

परवा सकाळी कोषाला बारीक भोक पडलेलं आणि बाटलीत मुंगीएवढे पंखवाले किडे फिरत होते. पोरगी रडायलाच लागली. तिची समजूत घालता घालता मी म्हटलं, मारियाच्या डब्यातही असंच व्हायचं, तिनं काय केलं होतं आठवतं का? तिनं नाक पुसलं आणि वही मागितली. मी भाजी चिरत होते, तशीच उठून वही आणि पेन्सिल देऊन आले. नंतर जाऊन बघितलं तर कोष, भोक आणि शेजारी ओळीनं काढलेले किडे. सगळे मोजले होते तिनं, त्रेचाळीस.